हिरडीची फट नवव्या-दहाव्या वर्षीच भरा

महोदय,

दुभंगलेल्या ओठाचे बाळ शिवून घरी आले की आपल्या खेड्यापाड्यांत ‘झालं एकदाचं’ म्हणतात. हिरडीतही फट असेल तर ती मात्र तशीच राहते. तिच्यात कमरेचे हाड भरायची वेळ साधारण 9 ते 11 वर्षांची: सुळ्याचे मूळ निम्म्याहून अधिक तयार असते, पण दात उतरलेला नसतो. पुढे सुळा त्या नव्या हाडातून उतरतो आणि त्याला टिकवतो. दात आधीच फटीत उतरला, तर उघड्या पडलेल्या मुळावर हाड नीट धरत नाही.

पालक अडतात ते एकाच भीतीपाशी: ‘खुब्यातलं हाड काढलं तं पोरगं लंगडं होईन.’ खुब्याच्या सांध्याला हातही लागत नाही! करदोडा टेकतो ती कमरेची वरची कड चाचपून पाहा, हाड तिथले. कडेच्या पुढच्या टोकापासून दोनेक सेंटिमीटर मागे छोटी चीर देतात, कारण टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या अंगाची नस जाते. ती दुखावली की मांडी बधिर पडते. कातडी पोटाकडे ओढून कापतात, म्हणजे व्रण करदोड्याखाली घासत नाही. लहान मुलांत कडेवर कूर्चेची (मऊ, लवचीक हाडासारखी) टोपी असते. ती झाकणासारखी उचलून आतले रवाळ हाड खरवडायचे, टोपी परत शिवायची. एका बाजूच्या फटीला सहसा चहाचा चमचाभर पुरते. बाहेरच्या अंगाचे स्नायू सोडवले तर चाल काही दिवस बिघडते, म्हणून त्यांना हात लावत नाहीत. काढलेले हाड सलाइनने ओल्या गॉजमध्ये ठेवावे. सुकले की पेशी मरतात.

बिघडते ते बहुतेकदा तोंडात. किडके दात तसेच ठेवले किंवा हिरडीचा टाका उसवला, की लाळ आत शिरते आणि भरलेले हाड वाया जाते. दात आधी दुरुस्त करा, नंतर काही दिवस पातळ-मऊच खाऊ घाला.

मूल दुसऱ्या दिवशी आधाराने चालते. पळणे, सायकल, झाडावर चढणे पाच-सहा आठवडे बंद. उन्हाळ्याची सुटी याला सोयीची, पण सुळा उतरायला आला असेल तर सुटीची वाट पाहू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना विनंती: शाळा-आश्रमशाळांत ओठावर जुना व्रण दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची हिरडी आठव्या वर्षीच पाहावी आणि त्याला एक्स-रेसाठी दंत महाविद्यालयात पाठवावे.

— मुखशल्यचिकित्सक, जि. यवतमाळ