मिल, आगरकर आणि आंबेडकर एकाच धड्यात हवेत

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

स्वातंत्र्यलढा आपण मुलांना सनावळी आणि हुतात्म्यांच्या नावांतून शिकवतो. तो तसा शिकवायलाच हवा. पण परक्यांचं राज्य कितीही नीटनेटकं असलं तरी अन्यायच, हे त्या पिढ्यांना कशामुळे पटलं, हेही मुलांच्या वाचनात यायला हवं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं पाहा. १८२३ ते १८५८ हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता. १८५९ साली त्यानं स्वातंत्र्यावरचा निबंध छापला आणि त्यातच लिहून ठेवलं की, व्यक्तीच्या स्वातंत्र्याचं हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. त्यांची सुधारणा होणार असेल तर तिथे अनियंत्रित सत्ताही चालेल. त्याच्या लेखी हिंदुस्थान या तत्त्वाबाहेरच होता.

तरीही आपल्या माणसांनी मिल वाचला आणि ते तत्त्व स्वतःसाठी मागितलं. मला यातलं धैर्य फार मोठं वाटतं. आगरकरांनी तर मिल आणि दुसरा इंग्रज विचारवंत स्पेन्सर पचवून तोच निकष घरच्या रूढींनाही लावला. इंग्रजांपासून मोकळीक हवी तर विधवेच्या केशवपनाचं काय, असं ते आपल्या 'सुधारक' पत्रातून विचारत राहिले. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्याआधी जोतीरावांनी मानवी हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये काँग्रेसवाल्यांना मिलच ऐकवला. एका देशाला दुसऱ्यावर राज्य करायचा अधिकार नाही म्हणता, मग एका वर्गाला दुसऱ्यावर तो कसा? आणि २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत, कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका, हा मिलचाच इशारा त्यांनी दिला.

माझी मागणी साधी आहे. मिलचा तो अडचणीचा परिच्छेद, आगरकरांचा एखादा लेख आणि बाबासाहेबांच्या भाषणातला हा भाग मराठीत एकत्र करून दहावीच्या इतिहासात द्यावा. वगळलेल्यांनी ते तत्त्व आपलं का मानलं, हे मुलांनी वर्गात वाद घालून शोधावं, आणि परीक्षेत त्याचं एकच छापील उत्तर मागू नये.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका