जात्याची वरची तळी

प्रिय आई-बाबा,
प्रेमाचा सलाम.

फोनवर आईच्या गुडघ्यांपासून गावातल्या पाण्यापर्यंत सगळं बोलून होतं आणि मुख्य ते राहून जातं. म्हणून लिहितोय.

तुम्हाला सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी गेल्या वर्षी 60,000 रुपये दिले होते, त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी. तो मोटारसायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवतो. चार हप्ते आले, पाचव्याला थांबले. मग मी त्याच्या गाडीची किल्ली आणि आरसी बुक ठेवून घेतलं. वाटलं, गाडी अडकली की पैसे येतील. तीन आठवडे गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी. गाडीच नाही तर तो कमावणार कशाने, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर मी येऊच दिलं नाही.

तुमची सून वसईची कॅथलिक, प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ती 'अपराध' आणि 'क्षमा' हे शब्द म्हणते. आपल्या मंडळीत त्याच जागी 'ऋण'. रात्री एकत्र प्रार्थना करताना त्या ओळीला आमचे आवाज वेगळे होतात. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता, म्हणून दोन्ही बरोबरच. पण मी अडकलो ते क्रियापदाशी. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.' सोडू असं नाही, सोडले आहे. लहानपणापासून रोज म्हणतोय. त्या रात्री पुढचे शब्द तोंडातून निघाले नाहीत.

बाबा, तुम्ही लग्नात दिलेलं बायबल काढलं. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात नियम आहे: कोणी जातं किंवा जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणं आहे. आई, तुझं जातं आठवलं. नुसती वरची तळी उचलून नेली तरी घरात भाकरी होणार नाही. खाली उभी असलेली ती गाडी म्हणजे त्याची तळी होती. साडेदहा वाजले होते, तरी जाऊन किल्ली आणि कागद देऊन आलो. त्याची आई दारातच रडायला लागली आणि मला तिच्याकडे बघवेना. पैशांचं म्हणाल तर राहिलेले मी सोडले, तसं त्याला सांगितलंही.

सोपं गेलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला तो निर्दय चाकर आठवतो ना? राजा त्याचं दहा हजार 'तालांत' (त्या काळचं मोठं नाणेमाप) इतकं कर्ज सोडतो आणि हा बाहेर येऊन सोबत्याचा गळा शंभर दीनारांसाठी धरतो. शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम, असंच मी समजत आलो. पण एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आपल्याकडे बिगारीचा रोज सहाशे धरला तर शंभर दिवसांचे 60,000 होतात. माझाच आकडा! म्हणजे आपलं येणं खोटं नसतं, ते सोडताना दुखतंच, आणि हे प्रभूला ठाऊक होतं. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार. त्या चाकराचं राजाला देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, म्हणजे दीड लाख वर्षांहून जास्त. वहीवर मांडलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते.

बाबा, 2003 साली तुम्ही दुकानातल्या कारागिराचे 11,000 सोडून दिलेत. त्याच वर्षी माझा डिप्लोमाचा प्रवेश फीपायी हुकला. पुढच्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा कुठे मी कॉलेजात गेलो. तुम्ही एवढंच म्हणालात, "लेकरा, त्याच्या पोरीला दवाखान्यात ठेवलं होतं." मी काही बोललो नाही, पण ते एक वर्ष तुमच्या नावावर मांडून ठेवलं. कमावता झालो, लग्न झालं, तरी खोडलं नाही. तुम्ही काही सल्ला दिलात की मनात तेच यायचं. सणाला घरी येऊन दुसऱ्याच दिवशी निघायचो, त्यामागेही हेच होतं. आई, तू विचारायचीस आणि मी कामाचं कारण पुढे करायचो.

बाबा, ते मी खोडलंय. आणि इतकी वर्षं तुमच्याशी तुटक वागलो, त्याची तुम्हा दोघांकडे क्षमा मागतो.

पुढच्या शनिवारी येतोय, चार दिवस राहीन. तो कारागीर रस्त्यात दिसला की मी मान फिरवायचो. तो अजून गावात असेल तर रविवारी उपासनेनंतर मला त्याच्या घरी घेऊन चला. आई, तूही चल. रिक्षा करू, चालायला लावणार नाही.

तुमचा,
बाळू