बाबा, पंप बदलायची घाई नको

चाकण, 14 जुलै

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, तुझा निरोप नीट वाचला. परवा कुंभार्ली घाट चढताना गाडीने पुन्हा झटके दिले, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकला, आणि काल गॅरेजमध्ये तासभर चालू ठेवली तरी काही सापडलं नाही. आता मेकॅनिक पेट्रोलचा पंप बदलू म्हणतो. बाबा, आत्ता नको. प्लग नवे घातले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, तरी मिसिंग आहेच, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनच जळत नाही. आता अंदाजाने आणखी एक वस्तू बदलण्याआधी कोणता सिलिंडर चुकतोय ते शोधायला हवं.

गाडी गॅरेजमध्ये चांगली आणि घाटात वाईट का, याला सरळ कारण आहे. दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला 1000 ठिणग्या लागतात. बॅटरीच्या 12 व्होल्टवरून कॉइल हजारो व्होल्ट उभे करते, तेव्हा प्लगच्या फटीत ठिणगी पडते. उभ्या गाडीत सिलिंडरमधला दाब कमी असतो, त्यामुळे थकलेली कॉइलसुद्धा निभावून नेते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आत हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. कॉइलच्या रबरी टोपीला बारीक चीर असेल, तर वीज प्लगची फट सोडून बाजूच्या धातूत उतरते. तेवढ्यापुरतं त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही आणि तुम्हाला झटका बसतो. पावसात दमटपणामुळे हे आणखी सोपं होतं. आई, तू लिहिलंस की उतारावर कधीच होत नाही आणि पाऊस असला की हमखास होतं. बाबा पेट्रोलला दोष देतात, पण पेट्रोल खराब असतं तर ती टाकी संपेपर्यंत त्रास झाला असता, असा पाऊस आणि चढ बघून नव्हे. तुझ्या या दोन ओळींवरून माझा पहिला संशय कॉइलवर आहे. खात्री मात्र तपासूनच.

ती तपासणी अशी. तुमची गाडी 2016 ची. एप्रिल 2013 नंतरच्या आपल्या नव्या गाड्यांत ओबीडी-2, म्हणजे इंजिनचे दोष कोडच्या रूपात नोंदवणारी यंत्रणा असते, म्हणून स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावता येतो. पी 0301 ते पी 0304 या कोडांतला शेवटचा आकडा म्हणजे चुकणारा सिलिंडर. पी 0300 आला तर अनेक सिलिंडर चुकतायत, आणि मग पेट्रोलचा दाब, हवेची गळती, सेन्सर हे बघायचं. पंपाचा विचारही तिथेच. समजा पी 0303 आला. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि चढावर गाडी न्यायची. आता पी 0302 आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल नवी घ्या. पी 0303 च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल, नंतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतो का ते. या अदलाबदलीला एकही नवीन वस्तू विकत घ्यावी लागत नाही, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात पटते.

कॉइल उपसली की प्लग बसतो त्या खोल खाचेत टॉर्च मारून बघायला सांगा. तिथे पाणी असेल तर बॉनेटकडून गळतंय. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, आणि ते न बदलता नवी कॉइल घातली तर तीही जाईल. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली, तर वीज बाहेरून उतरत होती हे नक्की. टोपी जुनीच ठेवली तर नव्या प्लगवरही तशी रेघ उमटते, म्हणून ते नवे प्लगही काढून बघायचे. वायरिंगही बघा. पावसात आपल्या अंगणातले उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात, आणि अर्धवट कुरतडलेली वायर अशीच कधी जोडते, कधी सोडते.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. कोड वाचून लिहून घेतल्याशिवाय कुणालाही बॅटरीचा टर्मिनल काढू देऊ नका. दिवा विझतो, पण सोबत कोडही पुसला जातो आणि दोष घडला त्या क्षणाची नोंदही: आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, भार किती. अधूनमधून येणारा दोष पकडायला आपल्या हातात तेवढाच पुरावा असतो.

आता दिव्याबद्दल. पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवलं तरी चालतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तो तापून वितळू शकतो, आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट आहे. तेव्हा ॲक्सिलरेटर लगेच हलका करा आणि जागा मिळताच डावीकडे थांबा. वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नका.

बाबा, तुमच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण वळणावर समोरून ट्रक येत असताना गाडीने उचल घेतली नाही, तर चांगला हातही काय करणार? म्हणून दोष सापडेपर्यंत कुंभार्ली नको. आईच्या डोळ्यांच्या तपासणीला चिपळूणहून कऱ्हाडची एसटी धरा. खिडकीची जागा मिळेल अशी सकाळची बघा, आईला मळमळतं. बाजारापुरती गाडी काढलीत तर चढाला चौथ्या गिअरमध्ये रेटू नका, तिसरा टाका. कमी आरपीएमला जोर मागितला की दाब वाढतो आणि दुबळ्या ठिणगीची तिथेच दमछाक होते.

आई, तुझ्या वहीत एवढं लिहीत राहा: पाऊस होता का, गिअर कोणता, आरपीएमचा काटा कुठे, एसी चालू होता का, निघून किती वेळ झाला होता. बाबांचं लक्ष रस्त्यावर असतं, हे तुलाच दिसतं.

शनिवारी मी स्कॅनर घेऊन येते. मेकॅनिकला सांगा, गाडी तोवर उघडू नको, आपण मिळून बघू. शिरगावच्या पुढच्या पहिल्या चढापर्यंत मी चालवीन आणि तो शेजारी बसून स्कॅनरवर कोणत्या सिलिंडरच्या चुकण्याचे आकडे वाढतायत ते वाचेल. काढलेले जुने प्लग त्याच्याकडे अजून पडले असतील तर ठेवून द्यायला सांगा, आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे आठवत असेल तर तसं त्यांवर लिहून ठेवायलाही.

तुमची,
मनू