कॉलर उतरवल्यावर मुक्तास

लातूर,
२ जुलै

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे आईकडून कळलं. फोन तू तिलाच करणार, ते बरोबर आहे. कालपासून मी तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बोलायला लागलो की मी पुन्हा तेच विचारणार आणि तू पुन्हा गप्प होणार. म्हणून आडतीवर कागद घेऊन बसलोय. पेरणीचे दिवस, माल येत नाही, सौदा अर्ध्या तासात उरकला. हमाल पोत्यांना टेकून झोपलेत.

या पत्रात मी तब्येतीचं काही विचारणार नाही. फक्त माफी मागायची आहे.

परवा रोटरी क्लबच्या अध्यक्षपदाच्या निरोपाच्या समारंभात मी चुकलो. सभागृह भरलेलं, तुझी आत्या, तुझ्या शाळेच्या बाई, यार्डातली निम्मी माणसं समोर, आणि मी माइकवरून तुझ्या हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला. ८.९. तुला न विचारता. तू तिसऱ्या रांगेत आज्जीशेजारी बसली होतीस. पुढचं वाक्य बोलून मी मान वर केली तेव्हा आज्जी तुझ्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती. लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात आणि बरं वाटत नाही.

माझ्या भाषणात ते नव्हतं, हे तुला सांगायचंय. चार दिवस खपून मी भाषण लिहिलं होतं, आईला वाचूनही दाखवलं होतं. सेक्रेटरीचे आभार, ट्रेझररचे आभार, ॲन्सनी, म्हणजे सभासदांच्या बायकांनी, वर्षभर जी धावपळ केली त्याबद्दल दोन ओळी, मग प्रकल्पांचा आढावा. अकरा शाळांत मुलींची रक्त तपासणी हा आमचा मोठा प्रकल्प, तो शेवटी ठेवला होता. पाहणीचा आकडाही लिहून घेतला होता: २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. देशाचा आकडा ५७. तो वाचला आणि माझी जीभ अडकली. वर्षभर मी प्रत्येक शाळेत पालकांसमोर उभा राहून सांगितलं होतं, मुलीचं रक्त कमी असेल तर लपवू नका, त्यात लाज कसली. आणि निरोपाच्या दिवशी मी मात्र दुसऱ्यांच्या मुलींचे आकडे वाचत होतो. मला वाटलं हे खोटं होतंय. म्हणून बोललो.

रोटरीच्या फोर वे टेस्टमधला, त्या चार प्रश्नांच्या कसोटीतला, पहिला प्रश्न तोच ना, हे सत्य आहे का? तू नऊ वर्षांची ॲनेट, म्हणजे क्लबातल्या सभासदाची लेक, असताना पदग्रहणाला स्टुलावर उभी राहून चारही प्रश्न पाठ म्हटले होतेस. पांढरा फ्रॉक, आईनं घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि तिसऱ्या प्रश्नाला अडखळून तू माझ्याकडे पाहिलंस. मी ओठ हलवले आणि तू सुटलीस. १९३२ साली शिकागोत हर्बर्ट टेलर नावाच्या माणसानं आपली बुडती कंपनी सावरायला हे चार प्रश्न लिहिले, मूळ इंग्रजीत फक्त २४ शब्द, हेही तुला तेव्हा माहीत होतं. मी वर्षभर दर मीटिंगला ते म्हणवून घेतले. परवा स्टेजवर मला पहिला आठवला. दुसरा आठवलाच नाही. संबंधित सर्वांना न्याय्य आहे का?

तू घरी बॅग भरताना म्हणालीस, "बाबा, ती गोष्ट माझी होती. तुमच्या अहवालातली नव्हती." हे मला रात्रभर पुरलं. गाडी साडेदहाची, मी स्टेशनवर आलो, पण तू डब्याच्या दारातून आईशीच बोललीस. मी पाण्याची बाटली दिली ती घेतलीस. तेवढं घेतलंस, बरं वाटलं.

आता जे विचारणार नाही म्हणालो त्याच्याकडे मन जातंय. मुक्ता, गोळ्या घेतेस का?

संक्रांतीला तू येऊन गेल्यावर आईला कपाटात तुझ्या साडीखाली लोखंडाच्या गोळ्यांच्या दोन अख्ख्या पट्ट्या सापडल्या. एकही गोळी काढलेली नव्हती. तिनं मला सांगितलं नाही, मीच पाहिलं. त्या दिवसापासून तू फोनवर "बरी आहे" म्हणालीस की मला त्या पट्ट्या दिसतात. क्लबातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने घ्यायच्या, आकडा वर आला तरी पुढं आणखी तीन, म्हणजे साठा भरतो. एका महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं. तू म्हणालीस तपासलं. रिपोर्ट कुठाय विचारलं की तू चिडतेस. मळमळतं म्हणून सोडल्यास का? तसं असेल तर जेवणानंतर घे, दुसऱ्या कंपनीची बदलून देतात. शौचाला काळं होतं म्हणून घाबरलीस का? त्या गोळीनं होतंच ते. चहाबरोबर घेतलीस तर मात्र उपयोग नाही, चहा लोखंड अंगाला लागूच देत नाही. लिंबू पिळून घे. आणि तुझं ते सकाळचं चहा-खारी खाऊन शिफ्टला जाणं...

हे बघ, निघालो पुन्हा. माफी मागायला बसलो आणि शाळेतलं भाषण सुरू झालं. त्याबद्दलही माफ कर.

पण सप्टेंबरचा तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ३० सप्टेंबर, किल्लारीच्या भूकंपाच्या स्मरणाचं रक्तदान शिबिर. तू मुद्दाम दोन दिवस रजा काढून आली होतीस. बायकांच्या रांगेत कोणी पुढं होईना तेव्हा तू म्हणालीस, "माझं आधी घ्या." मला केवढा अभिमान वाटला होता. ब्लड बँकेच्या पोरानं तुझ्या बोटाला सुई टोचली आणि एक थेंब त्या निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदाचं पाणी ते. आपण शेतावर लिंबाच्या बुंध्याला चुन्यात कालवून लावतो तेच मोरचूद, पण इथं मोजून केलेलं. रक्त पुरेसं दाट असेल तर थेंब सरळ तळाला जातो. तुझ्या आधीच्या तिघांचे गेले होते. तुझा थेंब जरा खाली गेला, थांबला आणि हळूहळू वर आला. वरच तरंगत राहिला. पोरगा काही बोलला नाही, त्यानं नुसती मान हलवली. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाबा, माझं घेत नाहीत." हसत म्हणालीस. मला हसू आलं नाही. द्यायला १२.५ लागतं, आणि दुसऱ्या दिवशी लॅबचा कागद आला तो ८.९.

त्या रात्री मी आईला विचारलं, आपल्या लक्षात कसं आलं नाही? ती म्हणाली, "आलं होतं की." आणि तिनं २०१६चा उन्हाळा काढला. तुझी बारावीची परीक्षा झालेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि तरी आपल्या गल्लीत टँकरची वाट बघणं सुटलं नव्हतं. तू घागर घेऊन जिना चढत होतीस आणि सहाव्या पायरीवर बसलीस. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणालीस. आम्ही ऊन म्हणालो. कांद्याचा रस कपाळाला लावला, पन्हं दिलं. घागरीतलं पाणी सांडलं म्हणून मी ओरडलोही होतो बहुतेक. तू विसरली असशील. मी विसरलो होतो, आता नाही विसरत.

आणि त्याच्याही मागं जायचं तर तुझ्या आईचं बाळंतपण. तुला हे अर्धवट माहीत आहे. तिचं रक्त सहावर आलेलं, तेही दवाखान्यात नेल्यावर कळलं. दोन बाटल्या लागतील म्हणाले. तेव्हा बदल्यात आपली माणसं आणायला लागत. एक बाटली मी दिली. दुसऱ्यासाठी माणूस मिळेना. तुझे मामा गावाकडं, अण्णांना साखर. मी आडतीवर येऊन उभा राहिलो, तोंडातून शब्द फुटेना. आपला जुना हमाल पाठीवरचं पोतं उतरवून पुढं आला. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून हात पुसले आणि म्हणाला, "मालक, चला." रक्त देऊन आला, तासभर बसला आणि उरलेली गाडी उतरवायला लागला. मी नको म्हणत होतो. किल्लारीच्या वेळी मीही दिलं होतं रक्त. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही नुकते आडवे झालो होतो. दिवस उजाडल्यावर आडतीचा ट्रक घेऊन तिकडं गेलो आणि संध्याकाळी परत येऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. तेवीस वर्षांचा होतो. पण तेव्हा मी कोणाला तरी देत होतो. रक्त मागायला उभं राहणं काय असतं ते तुझ्या जन्माच्या दिवशी कळलं. क्लबात गेलो तो त्यामुळं. पुढं सगळ्यांना मी समाजसेवेची आवड वगैरे सांगत आलो, पण खरं कारण ते फडकं आहे.

म्हणून मला भीती वाटते. पुढं तुझं लग्न, मग... नाही, तो विषय काढायचा नाही असं आईनं बजावलंय. लग्न कर नाहीतर नको करूस, कोणाशी करायचं तेही तू ठरव, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मला फक्त तुझ्या रक्ताची भीती वाटते.

तू नसताना पुढं काय झालं ते सांगतो. मी अध्यक्षाची कॉलर, गळ्यातला तो मानाचा पट्टा, उतरवली आणि नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घातली. तिच्यावर आतापर्यंतच्या सगळ्या अध्यक्षांच्या नावाच्या पट्ट्या आहेत, वजनदार असते. वर्षभर ती घातली की मान अवघडायची, उतरवल्यावर मात्र छातीवर काहीतरी कमी आहे असं वाटलं. घंटा वाजवून सभा संपवायचा मान नव्या अध्यक्षांचा. मग फेलोशिप, म्हणजे सगळ्यांचं जेवण. मी ताट घेतलं आणि नुसता उभा राहिलो. एक बाई जवळ आल्या. अकरा शाळांपैकी एका शाळेत त्यांची मुलगी आहे, तिचं रक्त सातच्या आत निघालं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्याही घरी आहे हे ऐकून आज पहिल्यांदा मला रडू आलं नाही." मी हे तुला पटवायला सांगत नाही. त्यांना बरं वाटलं म्हणून तुला न विचारणं बरोबर ठरत नाही, हे मला कळतं. पण झालेलं सगळं तुला माहीत असावं.

शाळांतल्या मुलींना सोमवारी लोखंडाची निळी गोळी देतात, वर्गशिक्षिका समोर उभ्या राहून गिळायला लावतात. मी कितीदा तिथं उभा राहून पाहिलंय. एकदा एक चिमुरडी गालात धरून बसली होती, बाईंची पाठ वळली की थुंकणार. मी तिच्याशेजारी बाकावर बसलो आणि तिनं गिळेपर्यंत उठलो नाही. सव्वीस किलोमीटर लांबच्या गावात दुसऱ्याच्या लेकराशेजारी मी बसलो, आणि तुझ्या शेजारी कोणी नाही. रूमवर एकटी, रात्रपाळी, डबा आला तर आला. वर्षभर तुझे फोन यायचे तेव्हा मी मीटिंगला असायचो. "नंतर करतो" म्हणायचो. किती वेळा केला नाही याचा हिशेब माझ्याकडं आहे, कारण मोबाइलमध्ये दिसतं.

आता मी मोकळा आहे. संध्याकाळी साडेसातनंतर कुठं जायचं नाही. तू म्हणशील तेव्हा पुण्याला येतो. रूमवर येणार नाही, तू म्हणशील त्या हॉटेलात भेटू. लॅबमध्ये बाहेर बसून राहीन, आत येणार नाही, आकडा विचारणार नाही. तुला सांगावासा वाटला तर सांग. कोणाला सांगायचा ते तुझं तू ठरव.

आज्जीनं अळिवाचे लाडू केलेत. डब्यात खाली कारळाची चटणी आहे आणि वर लाडू, उलटं उघडू नकोस. शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो, रविवारी पहाटे स्वारगेटला उतरवून घे, ड्रायव्हरचा नंबर आई पाठवेल. आज्जी विचारते, पोरगी रागानं गेली का कामानं गेली. मी कामानं म्हणालो. खरं तू सांग तिला, नाहीतर राहू दे.

रागावलीस तरी चालेल. बोलली नाहीस तरी आईशी बोलत राहा.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यात आईनं सहा लिंबंही टाकली आहेत. तिनंच टाकली, मी सांगितलं नव्हतं.