समासातल्या खुणा : नॅशव्हिलच्या काकांना जाहीर आभारपत्र

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

कादंबरी एकदाची छापून आली. ऋणनिर्देशात तुमचं नाव नाही, कारण तुम्हीच बजावलं होतंत, ‘नाव टाकलंस तर गिऱ्हाइकांना वाटेल म्हाताऱ्याला भरपूर रिकामा वेळ आहे, आणि इथे त्यांचे गिटारचे ॲम्प (ॲम्प्लिफायर) दुरुस्तीवाचून पडून आहेत.’ तुमचा शब्द पाळला. पण जाहीर पत्र लिहायचं नाही असं काही आपलं ठरलं नव्हतं. तेव्हा नाव गाळून, पत्ता गाळून, बाकीचं सगळं चारचौघांत सांगते. रागवायचं तर खुशाल रागवा. तुम्ही रागावलात की तुमची अस्सल गिरगावी मराठी बाहेर पडते आणि मला फुकटात संवाद मिळतात.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांचं उरकून घेते.

पुण्यातल्या एका प्रकाशकांना मी फोनवर विषय सांगितला. अमेरिकेतलं नॅशव्हिल, तिथला कंट्री म्युझिकचा, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताचा, धंदा, एका गीतकाराचा खून, शोध लावणारी मराठी हिशेबनीस बाई, आणि हे सगळं विनोदी. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘मॅडम, विनोद हवाय की खून, एक काय ते ठरवा.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘कोथरूडला नाही का करता येणार खून?’ दुसरे एक नावाजलेले समीक्षक. त्यांच्याकडे हस्तलिखित उन्हाळ्यात गेलं आणि दिवाळीच्या तोंडावर परत आलं. मी घातलेला रबरबँड जागचा हललेला नव्हता, त्याला मारलेला जादा पीळसुद्धा तसाच. सोबत चिठ्ठी होती : ‘विनोदाची जाण आहे, मात्र अनुभवविश्व परकं वाटतं.’ रबरबँड न काढता अनुभवविश्व कळतं म्हणजे गृहस्थ पोचलेले असणार.

नॅशव्हिलमध्येही काही वेगळं नव्हतं. म्युझिक रोवरच्या, म्हणजे गाण्यांच्या कंपन्यांच्या रस्त्यावरच्या, एका ऑफिसात माहिती विचारायला गेले, तर रिसेप्शनवरच्या मुलीने गोड हसून टूरिस्ट बसचं पत्रक हातात ठेवलं. आणि वर्षानुवर्षं त्या गावात राहिलेली आपली मंडळी! गाण्याच्या बारांच्या ब्रॉडवे रस्त्याबद्दल विचारलं, तर ‘ब्रॉडवेवर ना? पाहुणे आले की गाडीतूनच दाखवतो गं, उतरत नाही.’

आणि मग गणपतीत, गणेश मंदिरातल्या महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे होतात. ते देऊळ 1985 मध्ये उभं राहिलं तेव्हापासून तुम्ही त्या रांगेत आहात म्हणे. काय करतेस, विचारलंत. विनोदी रहस्यकथा लिहिते, म्हटलं. यावर लोक ‘वा वा’ म्हणतात आणि कोशिंबिरीकडे वळतात. तुम्ही विचारलंत, ‘मरतो कोण?’

काका, इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

पुढच्या शनिवारी तुमच्या गॅरेजमध्ये. सोल्डरिंगचा राळेचा वास, भिंतीला टेकवलेले ॲम्प, फळीवर व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचे, डबे. त्यांना ट्यूब म्हणायला तुम्ही अजून तयार नाही, कारण धंदा शिकलात तो लॅमिंग्टन रोडवर, रेडिओ उघडून. शाळेत असताना भाड्याच्या लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणून एका बैठकीत संपवायचात, झुंजार आधी की काळापहाड आधी यावर भावाशी मारामारी करायचात. आणि आता ब्रॉडवेवरच्या निम्म्या बँडांचे ॲम्प तुमच्या हातून जातात. मी खुनासाठी ॲम्पचा विचार करत होते, कारण प्लग काढला तरी आतला कपॅसिटर भारलेला राहतो हे तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्ही साफ नकार दिलात. ‘बाकी कशानेही मार. ॲम्पने मारलास तर उद्या माझ्याकडे दुरुस्तीला कोण येईल?’

ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते आता सांगते.

तुम्ही हस्तलिखित ठेवून घेतलंत आणि काही दिवसांनी परत दिलंत. अभिप्राय नाही, चिठ्ठी नाही. ‘बघ घरी जाऊन,’ एवढंच. गाडीतच उघडलं. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. मास्तर गणिताला देतात तशी बरोबरची खूण, सुताराच्या चपट्या पेन्सिलीने केलेली, म्हणून जाड आणि काळीकुट्ट. ती कशाची, ते कळायला मला दोन प्रकरणं लागली. जिथे जिथे तुम्हाला हसू आलं होतं, तिथे तिथे ती होती. बाकी एक शब्द नाही. अंत्यविधीच्या प्रसंगात, जिथे मयताच्या तिन्ही बायका आपापली गिटार घेऊन येतात, तिथे एका पानावर खुणाच खुणा. शेवटची इतक्या जोराने केलेली की टोक मोडून शिशाचा कण कागदात रुतला होता. कुठे सोल्डरच्या राळेचा तपकिरी डाग पडलेला, म्हणजे काम करता करता वाचत होतात. आणि एक खूण तर अशा जागी, जिथे मी विनोद केलेलाच नव्हता. माझी हिशेबनीस बाई मक्याच्या ब्रेडला थालीपीठ समजून लोणी मागते, ते मी अगदी गंभीरपणे लिहिलं होतं. पुढच्या खर्ड्यात त्याचं अख्खं पान केलं.

विनोद लिहिणाऱ्याची पंचाईत काय असते, सांगू? लोक त्याला मत देतात. भाषा ओघवती आहे, पात्रं ठसठशीत आहेत, शेवट जरा घाईत झालाय. पण हसलात का? हे कुणी सांगत नाही, आणि लेखकाला विचारायची सोय नाही. तुम्ही न विचारता नेमकं तेवढंच सांगितलंत, आणि तेही पान नंबरासकट. जिथे सलग पानं कोरी होती, तिथे काय करायचं तेही मला आपोआप कळलं.

तसं बाकी उपकारही कमी नाहीत. सगळे लिहीत नाही, पण रॉयल्टीचा सांगितलाच पाहिजे. माझ्या कथेत तीन गीतकार सकाळी एका खोलीत बसून गाणं लिहितात आणि दुपारी त्यातला एक मेलेला सापडतो. हेतू : त्याचा वाटा. तुम्ही व्हॉल्व्ह पुसता पुसता म्हणालात, ‘मेल्यावर वाटा वारसांना जातो गं. खुन्याला काय मिळणार, कपाळ?’ मग हिशेब मांडलात. 2006 पासून 2022 पर्यंत सीडीच्या किंवा डाउनलोडच्या एका प्रतीमागे गाण्याचा दर 9.1 सेंट, 2023 मध्ये 12, आणि पुढे दरवर्षी थोडा वाढता. म्हणजे जुन्या दराने दहा लाख प्रती खपल्या तर 91,000 डॉलर. त्यात गाण्याच्या प्रकाशकाचा हात, आणि उरलेल्यात तिघं. खोलीत जे हजर असतील त्यांच्यात समान वाटणी, मग कुणी एकच शब्द सुचवलेला का असेना, हा तिथला रिवाज. आणि यावर कडी म्हणजे, एकत्र लिहिलेल्या गाण्याचा कॉपीराइट त्यातला शेवटचा लेखक मेल्यानंतर 70 वर्षं चालतो. ‘म्हणजे,’ तुम्ही म्हणालात, ‘शहाणा खुनी असेल तर सगळ्यात तरुण गीतकाराला रोज च्यवनप्राश चाटवील.’ मी तिथेच वही काढली. खून वाटणीच्या कागदावर सह्या व्हायच्या आत, जेवणाच्या सुट्टीतच व्हायला हवा होता. म्हणजे खोलीत तिसरा माणूस नव्हताच, असं म्हणायला खुनी मोकळा. रहस्याची गाठ सुटली ती अशी. आणि च्यवनप्राशही पुस्तकात आहे, तुम्हाला न विचारता घेतला.

मग तुम्ही मला ब्रॉडवेवर नेलंत. भर सकाळी, कारण तिथे गाणं तेव्हाच सुरू होतं. चार-चार तासांची पाळी, आणि मुख्य कमाई बादलीत पडेल ती. आपल्याकडे चौफुल्याला बैठकीत दौलतजादा होते, तसंच, फक्त इथे नोट हातात न देता बादलीत टाकायची. तुम्ही वीसची नोट घडी करून टाकलीत आणि सुट्टीत फिडलवाल्याला (म्हणजे व्हायोलिनवाल्याला) हाक मारून म्हणालात, ‘या बाईंनी पुस्तकात तुझ्यासारख्या एका फिडलरला मारलंय. जरा मदत कर.’ (मेलेला माणूस गाणीही लिहायचा आणि फिडलही वाजवायचा. तिथे एका धंद्यावर कुणाचं भागत नाही.) तो आपली सुट्टी सोडून येऊन बसला. पहिला प्रश्न : ‘कुणी मारलं?’ तुमच्या पंक्तीतलाच माणूस.

त्याने नंबरचे चार्ट समजावले. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातले नील मॅथ्यूज यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली, आणि आता सगळं गाव तीच वापरतं. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, नावाऐवजी नुसते आकडे : 1, 4, 5. गायिकेचा घसा बसला, पट्टी उतरवली, तरी कागद तोच. माझ्या हिशेबनीस बाईला मयताच्या खिशात असा चार्ट सापडतो आणि ती अर्धं पुस्तक तो बँकेचा खातेक्रमांक समजून फिरते. फिडलवाला इतका हसला की त्याने तो खातेक्रमांक तिथल्या तिथे वाजवून दाखवला. बरा वाटला ऐकायला.

एक गोष्ट मात्र तुम्ही त्या दिवशी परतताना, रेडिओ बंद करून सांगितलीत. स्ट्रिंगबीनची. बँजो वाजवणारा, गुडघ्यापाशी विजार बांधून लोकांना हसवणारा ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचा विनोदी कलावंत. बँकांवर त्याचा भरवसा नव्हता, घरात पैसा आहे अशी वदंता होती. 10 नोव्हेंबर 1973 च्या शनिवारी रायमन सभागृहातला कार्यक्रम करून तो बायकोसह घरी गेला आणि घरात दबा धरून बसलेल्यांनी दोघांना ठार केलं. शेजारी राहणाऱ्या ग्रँडपा जोन्सला, त्याच्याच रंगमंचावरच्या सोबत्याला, सकाळी ते दिसले. मारेकऱ्यांना तो पैसा सापडलाच नाही. पुढे 1990च्या दशकात धुराड्यामागे वीसेक हजार डॉलर मिळाले, उंदरांनी कुरतडलेले. तुम्ही ‘हे लिहू नकोस’ असं काही म्हटलं नाहीत. ‘इथल्या लोकांना अजून नीट बोलता येत नाही यावर,’ इतकंच म्हणालात. माझ्या पुस्तकात कितीही माणसं मेली तरी त्या रात्रीच्या वळणाने एकही मेलेलं नाही.

पुण्याच्या प्रकाशकांनी ‘असलं कुणी लिहीत नाही’ म्हटल्याचं तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही फळीवरून एक जुनं पेपरबॅक काढलंत. किंकी फ्रीडमन. टेक्ससचा कंट्री गायक, 1986 पासून स्वतःलाच गुप्तहेर करून विनोदी रहस्यकथा लिहीत गेला, 2006 मध्ये टेक्ससच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून चौथा आला, 2024 मध्ये गेला. ‘एवढं करून माणूस निवडणुकीला उभा राहतो,’ तुम्ही म्हणालात, ‘तुला नुसता प्रकाशक हवाय.’

मिळाला. लहान आहे, पैसे उशिरा देतो, पण त्याने रबरबँड काढला.

नॅशव्हिलबद्दल लोक बोलतात ते चमचमत्या कोटांबद्दल आणि बुटांबद्दल. माझ्या मनात राहिली आहे ती तुम्ही सांगितलेली टूट्सी बेसची सिगारची पेटी. रायमनच्या मागच्या गल्लीला पाठ लावून असलेला तिचा बार, 1960 मध्ये तिने घेतलेला. खिशात दमडी नसलेल्या गीतकारांना ती खायला-प्यायला घालायची आणि उधारीच्या चिठ्ठ्या त्या पेटीत टाकायची. वर्षअखेरीला ऑप्रीतली कमावती मंडळी ती पेटी उचलून सगळी उधारी फेडून टाकत, असं सांगतात. हीच बाई बार बंद करायच्या वेळी हलत नसलेल्या गिऱ्हाइकाला टोपीची लांब पिन टोचायची! उदार माणसाने गुळमुळीतच असलं पाहिजे असं थोडंच आहे. माझ्या खुनाचं हत्यार ती पिन आहे हे तुम्ही सोडून कुणी ओळखलं नव्हतं. तुम्ही तेराव्या प्रकरणातच समासात एक बारीकशी टोपी काढून ठेवली होतीत. खुणांव्यतिरिक्त अख्ख्या हस्तलिखितात तुम्ही काढलेली तेवढीच एक गोष्ट.

पैसे तुम्ही घेणार नाही, आणि चकल्या पाठवल्या तर कस्टमवाले खातील. म्हणून पुस्तकाच्या प्रतीच धाडल्या आहेत. एक तुमची, एक देवळातल्या कपाटासाठी, एक फिडलवाल्याची. त्याला मराठी येत नाही, पण त्याचा खून कुठल्या पानावर झालाय तिथे मी चिकटपट्टी लावली आहे. खुनी कोण, ते मात्र त्याला सांगू नका. तो अजून विचारतोय, असं तुम्ही कळवलं होतंत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
हिशेबनीस बाईंची लेखिका