सारंगीसाठी परदेशाकडे हात का पसरावा लागतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं आहे की, सगळं गाणं मोबाईलवर फुकट मिळत असताना काही मंडळी परदेशातून जुन्या सीडी मागवून पैशाची नासाडी करतात. मी त्याच मंडळींपैकी एक. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात २९ वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. पेन्शनीतून वर्षाकाठी सात-आठ सीडी मागवते, बहुतेक सारंगीच्या, म्हणजे गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या.

माझे मामा बेळगावच्या शहापुरात राहायचे. तरुणपणी नाटक कंपनीत सारंगीची साथ करत. सारंगीची तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत. डाव्या हाताच्या नखाच्या मुळाशी, कातडी सुरू होते तिथे, ती बाजूने टेकवतात आणि बोट घसरवतात. मामांच्या बोटांवर तिथे घट्टे पडलेले होते. वाजवायला बसण्याआधी ते बोटांना शंखजिऱ्याची पूड लावत, तिचा वास मला अजून आठवतो. पुढे साथीला पेटी आली, सारंगीवाल्याला कुणी बोलवेना. वाद्य भिंतीला टांगलं गेलं. तातीच्या (आतड्याच्या) तीन मुख्य तारा आधी गेल्या, मग तरफेच्या, म्हणजे खाली आपोआप झंकारणाऱ्या, पस्तीसएक तारा एकेक करून सुटल्या. मामा गेले तेव्हा त्यांच्या वादनाचा एक मिनिटाचा तुकडासुद्धा कुणाकडे नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये थोर सारंगीवादक पं. राम नारायण गेले. त्या आठवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या होत्या, त्यांना ऐकवावं म्हणून मोबाईल लावला. आलाप कुठे रंगतोय तोच साबणाची जाहिरात. रागाचं नाव चुकीचं, तबल्यावर कोण आहे याचा पत्ता नाही आणि शेवट कापलेला. फुकट मिळालं हे खरं, पण मुलींना मी शिकवायचं काय?

राम नारायण यांनी साथीच्या या वाद्याला मैफलीत एकल वादनाचं स्थान मिळवून दिलं. १९६४ साली बंधू चतुरलाल यांना तबल्याला घेऊन ते युरोप-अमेरिकेला गेले, आणि त्यानंतर तिकडच्या लोकांनी त्यांना नीट बसवून ध्वनिमुद्रित केलं. फ्रान्सच्या सरकारी रेडिओच्या ओकोरा या कंपनीने केलं, ब्रिटनच्या निंबसने केलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत कलाकाराला तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागे. सीडीवर ७४ मिनिटं मावतात, म्हणजे आलाप, जोड, गत हे रागाचे सगळे टप्पे सावकाश येतात. आत पुस्तिका असते. राग कोणता, ताल कोणता, तबल्यावर कोण, हे छापलेलं असतं. या सीडी आता आपल्याकडे दुकानात नाहीत. तिकडचे जुने संग्राहक आपला साठा विकतात, तिथूनच घ्याव्या लागतात.

यात ठेच लागत नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी एक सीडी आली ती कडेने तांबूस झालेली. तपास केल्यावर कळलं की, १९८८ ते १९९३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका कारखान्यात निघालेल्या काही सीडींवरचा लेप टिकला नाही, त्यामुळे आतला चंदेरी थर काळवंडत जातो. सीडी मधून कडेकडे वाजते, त्यामुळे आधी जातो तो शेवटचा भाग. माझी शेवटची द्रुत (जलद) गत नुसती खरखर करत होती. तेव्हापासून पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला मी लिहिते, तबकडीच्या खालच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. भले लोक पाठवतात. जो टाळतो त्याच्याकडून घेत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. खानापूर दोन आहेत, एक आपलं आणि एक सांगली जिल्ह्यातलं. जपानहून आलेल्या पाकिटावर विकणाऱ्याकडून पिनकोडातला एक आकडा गळला आणि माझी सीडी २२ दिवस सांगलीकडे फिरत राहिली. तेरा अक्षरी ट्रॅकिंग नंबर रोज तपासत होते म्हणून सापडली. आता मी पत्त्यात तालुका, बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही नावं, कर्नाटक आणि ५९१३०२ एवढं सगळं लिहिते आणि पाकिटावर काय लिहिलंय ते विकणाऱ्याकडून परत मागवून घेते. काही जण आपणहून विचारतात, पाकिटावर ‘भेट’ लिहू का? नको म्हणावं. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून वस्तू मागवायची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे. शिवाय ते खोटं आहे.

परदेशी वस्तूवरची ड्युटी (सीमाशुल्क) मी विनातक्रार भरते. पण एक गोष्ट खुपते. सीडी नऊ पौंडांची, टपालखर्च अकरा पौंड, आणि ड्युटी बसते ती दोन्हींच्या बेरजेवर. पुस्तक आणि गाण्याची तबकडी यांच्याकडे सरकारने वेगळ्या नजरेने पाहायला हवं, हे आपल्या खासदारांनी दिल्लीत मांडावं.

खरी मागणी मात्र बेळगावकरांकडे आहे. सुळेभावी बेळगावपासून जवळच, कुमार गंधर्वांचं जन्मगाव. पलीकडे धारवाडजवळ मन्सूर, मल्लिकार्जुन मन्सूरांचं. गदगच्या भागात भीमसेनजी जन्मले. एवढं गाणं ज्या मुलखात उगवलं तिथे मराठी-कानडी दोन्ही घरांतल्या मुलांना बसून, कानाला हेडफोन लावून, एक राग पुरता ऐकता येईल अशी खोली नाही. आपल्याकडची वाचनालयं जुनी आणि नावाजलेली आहेत. त्यातल्या एखाद्याने एक कपाट, एक सीडी प्लेअर आणि दोन खुर्च्या एवढी जागा द्यावी. माझ्याकडच्या १४० सीडी मी आजच पोहोचवते, नोंदवही स्वतः लिहून देते आणि दर रविवारी सकाळी दोन तास तिथे बसेन. अट एकच, पुस्तिका सीडीपासून वेगळ्या करायच्या नाहीत.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, खानापूर