आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: आई गेली, हे हॉस्पिटलच्या फाइलीला माहीतच नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
साहेब, सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला 2019 ला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गाठ तिने सात-आठ महिने अंगावर काढली, घरात कुणाला बोललीच नाही. मग ऑपरेशन, केमो, सगळं महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून (सरकारची मोफत उपचारांची योजना) झालं, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. दोन वर्षांनी दुखण्याने परत उचल खाल्ली आणि ती गावी, घरातच वारली. ग्रामपंचायतीत नोंद करताना कारण म्हणून 'आजारपण' एवढंच लिहिलं गेलं, मीही काही बोललो नाही, डोकं ठिकाणावर नव्हतं. मागच्या महिन्यात जुने पेपर मागायला हॉस्पिटलात गेलो तर फाइलीवर शेवटची नोंद काय, तर पेशंट फॉलोअपला आली नाही. बस.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, मिळेल ते वाचतोय. 2018 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात कॉन्कॉर्ड-3 नावाचा मोठा अभ्यास आला, 71 देश, 322 कॅन्सर रजिस्ट्र्या (म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी केंद्रं), पावणेचार कोटी पेशंट. 2010 ते 2014 मध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालेल्या बायकांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण अमेरिकेत 90.2 टक्के, ऑस्ट्रेलियात 89.5, आणि भारतात 66.1. हे वाचून रात्रभर झोप लागली नाही हो.

पण साहेब, हा 66 येतो कुठून ते बघा. एक तर त्या भागातला प्रत्येक पेशंट नोंदवावा लागतो, फक्त मोठ्या हॉस्पिटलात पोचलेला नाही. मग त्या वयात लोक इतर कारणांनी किती मरतात त्याचे तक्ते लागतात, ते वजा केल्याशिवाय दोन देशांची तुलनाच करता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो माणूस आज जिवंत आहे की नाही हे कळावं लागतं, आणि आपलं घोडं इथंच अडतं. माझ्या आईसारखी गेलेली बाई 'नंतर आली नाही' म्हणून बाजूला पडली तर तिचा मृत्यू मोजलाच जात नाही आणि टक्केवारी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. भारताचा आकडा मोजक्याच रजिस्ट्र्यांवरून काढलेला आहे, खरी परिस्थिती याहून वाईट असू शकते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

डेन्मार्कमध्ये कॅन्सर रजिस्ट्री 1940 च्या दशकापासून आहे आणि 1968 पासून प्रत्येक माणसाला एक नंबर आहे, मृत्यू झाला की त्या नंबरवरून रजिस्ट्रीत कळतं. म्हणून तर त्यांना दिसलं की शेजारच्या स्वीडन-नॉर्वेपेक्षा आपले पेशंट कमी जगतायत, मग 2000 पासून कॅन्सर प्लॅन आले, पुढे संशय आल्यापासून ट्रीटमेंटपर्यंत किती दिवस लागावेत तेही ठरवून दिलं. इंग्लंडने पण युरोपात आपण मागे आहोत हे बघून 2000 साली एनएचएसचा, म्हणजे त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेचा, कॅन्सर प्लॅन काढला. त्या आकड्यांवर तिकडे तज्ज्ञांमध्ये वादही झाले, ते होणारच, पण काम सुरू झालं.

आणि हे आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. देशातली पहिली अशी रजिस्ट्री मुंबईत 1963 ला सुरू झाली, ग्रामीण भागातली पहिली 1987 ला आपल्या बार्शीत! उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला, 2009 ला छापून आला, एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू) टेस्ट केलेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. गावोगाव जाऊन कोण आहे कोण गेलं याचा वर्षानुवर्षं माग ठेवला म्हणूनच हे जगाला कळलं.

तर माझी मागणी अशी की कॅन्सरची नोंद प्रत्येक जिल्ह्यात, सरकारी असो की प्रायव्हेट, प्रत्येक हॉस्पिटल आणि लॅबला सक्तीची असू दे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 2023 ला बदललाय, देशभरातल्या मृत्यूंचा एकच डेटाबेस करायची सोय त्यात आहे, तो रजिस्ट्रीला जोडा, फुले योजनेच्या याद्याही जोडा, नावं गुप्त ठेवूनच. 2020 मध्ये देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले फक्त 22.5 टक्के होते, त्यामुळे घरी वारलेल्या माणसाचं कारण विचारायला आशाताईंना नाहीतर नर्सताईंना पाठवा, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका. रजिस्ट्रीसाठी फिरणाऱ्या पोरांचे पगार वेळेवर होऊ देत, ती टिकली तर फॉलोअप टिकेल. आणि जिल्हावार पाच वर्षांचे आकडे दरवर्षी जाहीर करा, वाईट असले तरी करा.

आईचे केस पेपर आणि मृत्यूचा दाखला दोन्ही माझ्याकडे आहेत. ज्या ऑफिसात सांगाल तिथे घेऊन येतो, निदान तिची नोंद तरी पूर्ण करून घ्या.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक मुलगा